गाडी डावीकडे ओढते म्हणून उजव्या टायरची हवा सोडू नका

'गाडी एका बाजूला ओढते? मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही!' असा एक मेसेज फिरतोय. पाच मुद्दे आणि शेवटी 'जनहितार्थ पुढे पाठवा'. मला तीन ग्रुपवर आला, तिन्ही वेळा सोडून दिला. परवा मामाची गाडी चालवायला घेतली तर पुढचं उजवं टायर बसलेलं. पंक्चर समजून मी स्टेपनी काढायला डिकी उघडली, तेवढ्यात मामा म्हणाला, "अरे राहू दे, ती हवा मीच सोडलीय. गाडी डावीकडे ओढत होती ना!"

आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी तो तिसरा मुद्दा: 'ज्या बाजूला ओढते तिच्या विरुद्ध बाजूच्या टायरमधली हवा 8 ते 10 पीएसआयने कमी करा.' (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक.) संताप याचा येतो की असं केल्यावर गाडी खरंच बऱ्यापैकी सरळ जाते. कमी हवेचं टायर जास्त दबतं, फिरायला जड जातं आणि गाडीला आपल्या बाजूला ओढतं. म्हणजे एक ओढ होती, तिच्यावर दुसरी लावली. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

आता आकडे बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. मामाच्या गाडीत पुढच्या टायरला 32 लिहिलंय. त्यातून 8 गेले की उरले 24, म्हणजे पाव हिस्सा हवा गायब. टायर फुटून माणसं मेल्यावर अमेरिकेत 2000 साली कायदा झाला आणि त्यातून टायरच्या हवेचा इशारा देणाऱ्या दिव्याचा नियम आला. तो दिवा कधी पेटलाच पाहिजे? हवा ठरलेल्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की. तिथे जो धोक्याचा इशारा आहे, तो या मेसेजमध्ये उपाय म्हणून दिलाय! कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, आतून तापते आणि वेगात, भरल्या गाडीत कधीतरी फाटते. मामाच्या त्या टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, मोजली तर फक्त 23 निघाली.

बरं, मूळ दुखणं काय होतं? हवा नीट भरून मी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवली, शक्य तितका कमी ब्रेक मारत, आणि उतरून पुढच्या दोन्ही रिमजवळ तळहात नेला (टेकवायचा नाही, भाजतो). उजवीकडे कोमट. डावीकडे हात ठेववेना, वर जळका वास. चाक खोललं तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एका पिनचं रबर फाटलेलं, आत गंज, पिन जाम. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासतच होतं. पिन आणि रबर बदललं, ब्रेकचं ग्रीस लावलं, ओढ गेली. हवा सोडून मामा हाच ब्रेक झाकून ठेवत होता.

पहिला मुद्दा, 'ओढणं म्हणजे अलाइनमेंटच', म्हणजे चाकांचे कोन बिघडलेले. अर्धं खरं आहे, मान्य. मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यानंतर ओढ सुरू झाली असेल तर अलाइनमेंट जरूर बघा आणि काही वाकलंय का तेही. पण अलाइनमेंट करताना बहुतेक वेळा फक्त टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत) जुळवतात. टो बिघडला तर टायरची कड झिजते, स्टिअरिंग वाकडं बसतं. ओढ येते ती सहसा दोन बाजूंच्या कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा कॅस्टरमधल्या (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) फरकामुळे. आणि मामाच्या गाडीसारखा ब्रेक अडकला असेल तर मशीनवर सगळे आकडे बरोबर येतील आणि गाडी तशीच ओढत राहील.

चौथा, 'ब्रेक मारल्यावर ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक खराब'. बऱ्याचदा नेमकं उलट असतं. उजवीकडचा ब्रेक नीट धरतो, डावीकडचा धरत नाही, म्हणून गाडी उजवीकडे जाते. दोन्ही बाजू खोलून बघा.

दुसरा मुद्दा, '80 च्या वेगात स्टिअरिंग पूर्ण सोडून बघा', यावर काय बोलायचं? हात सैल ठेवला तरी ओढ कळते. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो. गाडी त्या उताराकडे थोडी सरकली तर तो बिघाड नव्हे.

राहिला पाचवा, 'नवीन टायर ओढत नाहीत'. ओढतात. टायर बनतानाच किंचित शंकूसारखं झालं तर कोऱ्या टायरनेही गाडी एका अंगाला जाते. पुढची दोन टायर आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली किंवा नाहीशी झाली तर दोष टायरचा. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी नुसती चाकं बदलून चालत नाही.