‘क्रिओउलो’ म्हणजे संकरित नव्हे

‘क्रिओल हा शब्द पोर्तुगीज ‘क्रिओउलो’वरून आला, अर्थ संकरित. मूळ संस्कृत ‘कृ’. कोर्लईचे ख्रिश्चन असेच संकरित, म्हणून त्यांची भाषा मोडकी पोर्तुगीज.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. त्या वर्गात कोर्लईची, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या चौलजवळच्या त्या गावची मुलं आहेत. आता उत्तर द्यायलाच हवं.

आधी ते रक्ताचं. ‘क्रिओउलो’ आला पोर्तुगीज ‘क्रिआर’ या क्रियापदावरून. ‘क्रिआर’ म्हणजे लहानाचं मोठं करणं. ‘क्रिओउलो’ म्हणजे तिथेच जन्मलेला, तिथेच वाढलेला. आईबाप कुठून का आलेले असेनात. पेरूत जन्मलेला लेखक इंका गार्सिलासो याचा पेरूवरचा ग्रंथ १६०९ मध्ये लिस्बनला छापला गेला. त्यात तो स्वच्छ सांगतो: हे नाव काळ्या लोकांनी काढलं, गिनीत जन्मलेले आणि अमेरिकेत जन्मलेले वेगळे ओळखू यावेत म्हणून. स्पॅनिश लोकांनी ते नंतर तिकडे जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी उचललं. मिश्र संततीला त्याच प्रकरणात वेगळा शब्द आहे, ‘मेस्तिसो’. बाप स्पॅनिश आणि आई इंका असलेला गार्सिलासो स्वतःला अभिमानाने मेस्तिसो म्हणवतो, क्रिओल नाही! ब्राझीलमधल्या मळ्यांच्या मालमत्तेच्या याद्या बघा. आफ्रिकेतून आणलेला गुलाम ‘आफ्रिकानो’, ब्राझीलमध्ये जन्मलेला काळा ‘क्रिओउलो’, मिश्र असेल तर ‘पार्दो’. म्हणजे मेसेजवाल्याने ज्यांना हे नाव चिकटवलं, नेमके तेच तिथे त्यातून वगळलेले.

अर्थ पुढे सरकत गेला, एवढं मान्य करावं लागेल. पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवर बहुतेक लोक मिश्र वंशाचेच आहेत आणि स्वतःला, आपल्या भाषेला अभिमानाने ‘क्रिओलु’ म्हणतात. आजच्या ब्राझीलमध्ये मात्र काळ्या माणसाला ‘क्रिओउलो’ म्हटलं तर तो अपमान ठरतो. तिथल्या दक्षिणेकडे देशी घोड्याच्या जातीलाही हेच नाव आहे.

कोर्लईकर आपल्या बोलीला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. क्रिओल, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या संपर्कातून तयार होऊन लोकांची मातृभाषा झालेली भाषा, हे नाव अभ्यासकांचं. १७४० मध्ये चौल पोर्तुगीजांच्या हातून गेलं, तरी ही भाषा मराठीच्या शेजारात टिकली. तिच्यात क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं, आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांचा ‘उ’कारान्त असा स्वतंत्र गट आहे. पोर्तुगीजमधून आलेल्या क्रियापदांचे तीन गट, हा चौथा. चुकतमाकत बोलण्यातून असं व्याकरण उभं राहत नाही.

राहिला ‘कृ’. ‘क्रिआर’ लॅटिन ‘क्रेआरे’वरून आलं आणि त्याचा धातू वाढण्याचा. धान्याची रोमन देवता ‘केरेस’ त्याच धातूतली. ‘कृ’ धातू वेगळा.