‘सिरियल प्रिंट फुकट असतं’ हे खरं नाही

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये ‘सिरियल प्रिंट’बद्दल, म्हणजे अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून कॉम्प्युटरच्या सिरियल मॉनिटरवर मजकूर पाठवण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो वेगवेगळ्या मुलांकडून येऊन पोचला. मजकूर थोडक्यात असा: ‘सेन्सरचं रीडिंग बघायला सिरियल प्रिंट हवं तिथे टाका, प्रोग्रॅमला काही फरक पडत नाही. बॉड रेट ९६०० ठेवा, तो कधीच चुकत नाही. मॉनिटरवर आकडा आला म्हणजे सेन्सर ओके. गिचमिड आली म्हणजे बोर्ड गेला. प्रोजेक्ट सबमिट करताना प्रिंट तसेच ठेवले तरी चालतात.’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार. अर्डुइनो शिकताना पहिला आधार सिरियल प्रिंटचाच असतो आणि आजही काही अडलं की मी आधी तोच टाकतो. पण या पाच वाक्यांवर विसंबून मुलं आठवडेच्या आठवडे घालवतात, चांगले सेन्सर फेकून देतात, म्हणून हे लिहितोय.

‘फरक पडत नाही’

इथून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

९६०० बॉडला सेकंदाला ९६०० बिट तारेवरून जातात. एका अक्षराचे आठ बिट, वर एक स्टार्ट आणि एक स्टॉप, असे दहा. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं आणि एका अक्षराला एक मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ. अर्डुइनोच्या उनो या बोर्डवरची एटीमेगा३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एक अक्षर तारेवरून जाईपर्यंत तिच्या घड्याळाचे १६ हजारांहून जास्त ठोके पडून गेलेले असतात.

यावर उत्तर येतं की ‘प्रिंट आता मागच्या मागे होतं, प्रोग्रॅम थांबत नाही.’ हे अर्धं खरं आहे. २०११च्या नोव्हेंबरअखेर अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती आली, तेव्हापासून अक्षरं आधी एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात जातात आणि तिथून इंटरप्टच्या (चालू काम क्षणभर थांबवून दुसरं काम करवणाऱ्या सोयीच्या) मदतीने एकेक करून बाहेर पडतात. पण उनोवर हा बफर ६४ बाइटचा आहे. टाकी भरली की पुढच्या अक्षराला जागा होईपर्यंत प्रिंट तिथेच उभा राहतो आणि त्याच्यासोबत तुमचा प्रोग्रॅमही.

एका ग्रुपचं प्रोजेक्ट होतं ठिबकच्या पाण्याचं मोजमाप. वायएफ-एस२०१ हा फ्लो सेन्सर, लिटरमागे साधारण ४५० पल्स (विजेचे ठोके). प्रत्येक पल्सला इंटरप्ट, इंटरप्टमध्ये मोजणी एकने वाढवायची आणि तिथेच एकूण लिटरची ओळ छापायची. नळाखाली २० लिटरची बादली ठेवली. बादली भरून वाहायला लागली तरी मॉनिटरवर आकडा सहाच्या आसपास. सेन्सर खराब म्हणून दुसरा आणला. पुन्हा सहा. ग्रुपमधल्या एका मुलीने एक गोष्ट मात्र नीट टिपून ठेवली होती: नळ बारीक सोडला की हिशेब बरोबर जुळतो, पूर्ण सोडला की फसतो.

त्या एका नोंदीत सगळं उत्तर होतं. त्यांची ओळ ४० अक्षरांची, वर ओळ संपल्याची दोन, एकूण ४२. तारेवरून सेकंदाला ९६० अक्षरं जातात, म्हणजे अशा जेमतेम २३ ओळी. मिनिटाला १० लिटर पाणी असेल तर सेन्सर सेकंदाला ७५ पल्स देतो. इंटरप्ट एक ओळ बाहेर काढायला ४४ मिलिसेकंद अडकून पडतो आणि तेवढ्यात तीन पल्स येऊन जातात. चिप त्यातला एकच लक्षात ठेवते, कारण ‘पल्स आला’ याची एकच खूण असते, किती आले याची मोजदाद नसते. ७५ पैकी २३ मोजले गेले, २० लिटरचे सहा झाले. मिलिसचं (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारं) घड्याळही इंटरप्टवरच चालतं, त्यामुळे तेही मागे पडत होतं. बारीक नळाला सेकंदाला १५च पल्स, ते सगळे मावत होते.

मी त्यांना बॉड रेट ११५२०० करून बघायला सांगितलं. बादलीचा हिशेब जुळला. छापायचा वेग बदलला आणि पाण्याचं माप बदललं, मग प्रिंटने फरक पडत नाही हे कसं म्हणायचं? अर्थात हा काही इलाज नव्हता. ओळ लांबली किंवा पाण्याचा जोर वाढला की पुन्हा तेच होणार. इलाज हा की इंटरप्टमध्ये फक्त मोजणी करायची आणि छपाई लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सतत फिरणाऱ्या मुख्य भागात, सेकंदातून एकदा. मोजणीचं व्हेरिएबल व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचलं जाणारं) करायचं आणि वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून त्याची प्रत घ्यायची. दोन्ही सेन्सर ठणठणीत होते.

याच्या उलटही घडतं. ‘प्रिंट टाकला की चालतं, काढला की बंद पडतं’ ही तक्रार अनेकांनी केली असेल. तिथे प्रिंटमुळे लागणारा वेळ नकळत सेन्सरच्या उपयोगी पडत असतो. डीएचटी२२ या तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरला दोन रीडिंगमध्ये दोन सेकंद हवे असतात, डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरला १२ बिटच्या मापाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढा वेळ आपण हिशेबाने द्यायचा, प्रिंटच्या भरवशावर सोडायचा नाही.

‘९६०० कधीच चुकत नाही’

१६ मेगाहर्ट्झमधून ९६०० जवळपास अचूक निघतो, फरक ०.२ टक्के. ११५२०० मागितला तर उनो प्रत्यक्षात ११७६४७ देतो, म्हणजे २.१ टक्के जास्त. त्यामुळे लांब केबलवर ९६०० ठेवायला माझी हरकत नाही. पण टेबलावर हातभर यूएसबी केबल असताना ११५२०० व्यवस्थित चालतो आणि प्रत्येक अक्षराचा वेळ बाराव्या हिश्शावर येतो.

‘आकडा आला म्हणजे सेन्सर ओके’

मॉनिटरवर जे उमटतं ते तुमच्या प्रोग्रॅमने काढलेलं उत्तर असतं. सेन्सरपासून तिथवर येताना एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), रेफरन्स व्होल्टेज (ज्याच्या तुलनेत तो आकडा निघतो), गुणाकार, भागाकार असे टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर चूक होऊ शकते.

तापमानाचा एलएम३५ घ्या. अंशाला १० मिलिव्होल्ट, कोणालाही जमेल असा सेन्सर. उनोची एडीसी १० बिटची, पाच व्होल्टचे १०२४ भाग, म्हणजे एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, जवळजवळ अर्ध्या अंशाची. मॉनिटरवर मात्र ३१.२५, ३१.७४, ३२.२३ असे आकडे येतात आणि बघणाऱ्याला वाटतं शंभराव्या भागापर्यंत माप मिळतंय. दशांशानंतरचे दोन अंक ही फ्लोट (दशांशाचा आकडा) छापण्याची ठरलेली पद्धत आहे, सेन्सरच्या अचूकतेशी त्यांचा संबंध नाही. शिवाय यूएसबीवरून येणारे पाच व्होल्ट पाचच असतील असं नाही. मल्टीमीटर लावून बघा. ते ४.७ असतील तर ३० अंशाच्या खोलीत तुमचा प्रोग्रॅम ३१.७४ छापेल, आणि पुन्हा पुन्हा तेच छापेल, त्यामुळे शंकाही येणार नाही. चिपचा आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स घेतला, तो एकदा मोजून प्रोग्रॅममध्ये लिहिला, की पायरीही बारीक होते आणि यूएसबीचा प्रश्नही मिटतो.

एलएम३५चाच आणखी एक किस्सा. सकाळी सगळं बरोबर, दुपारी एकच्या सुमारास मॉनिटरवर उणे ३१. मुलांनी वायर बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला, संध्याकाळी आपोआप ठीक. दोन दिवस हेच चाललं. प्रोग्रॅममध्ये ओळ होती: एडीसीचा आकडा गुणिले ५००, भागिले १०२४, सगळं इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात. उनोवर इंट १६ बिटचा, कमाल ३२७६७. एडीसीचा आकडा ६५ असेपर्यंत गुणाकार ३२५००, ठीक. ६६ झाला की ३३०००, तो मावत नाही आणि उलटून उणे होतो, भागल्यावर उणे ३१. आकडा ६६ होतो तो बरोबर ३२ अंशाच्या पुढे. आपल्याकडे मार्चच्या दुपारी तेवढं तापमान असतंच. ५०० ऐवजी ५००एल लिहिलं, म्हणजे लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकात) हिशेब केला, आणि प्रश्न सुटला. मॉनिटरवर तापमानाच्या शेजारी एडीसीचा कच्चा आकडा छापला असता तर पहिल्या दुपारीच दिसलं असतं की सेन्सर ६६ देतोय आणि गडबड गणितात आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की कच्चा आकडा, काढलेलं उत्तर आणि मिलिसची वेळ, तिन्ही एका ओळीत छापा.

काही आकडे तर चांगल्या मापासारखे दिसतात आणि माप नसतातच. डीएस१८बी२० चालू होताना त्याच्या आत ८५ अंश लिहिलेले असतात. माप पूर्ण व्हायच्या आधी वाचलं किंवा मध्येच त्याचा पुरवठा डगमगला तर हेच ८५ मिळतात. नेहमीच्या लायब्ररीत उणे १२७ आलं तर सेन्सर सापडलाच नाही असा अर्थ. आणि अॅनालॉग पिनची वायर निघाली तरी आकडा येणं थांबत नाही, मोकळी पिन मनाला येईल ते देत राहते.

‘गिचमिड आली म्हणजे बोर्ड गेला’

बहुतेक वेळा प्रोग्रॅममधला आणि मॉनिटरमधला बॉड रेट वेगळा असतो, बाकी काही नाही. ईएसपी८२६६ या वायफाय चिपच्या बोर्डवर सुरुवातीची एक-दोन ओळी गिचमिड येणं तर ठरलेलंच आहे: चिपचा आतला बूट प्रोग्रॅम ७४८८० बॉडवर बोलतो आणि तुमचा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर तुमचा बॉड रेट लागू होतो. मॉनिटर ७४८८०वर ठेवा, ती गिचमिड वाचता येईल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवा बोर्ड घ्यायला निघण्याआधी एवढं जरूर करून बघा.

‘मॉनिटर उघडला की एकूण लिटर शून्य होतात’ हाही बिघाड नव्हे. उनोवर पोर्ट उघडताना डीटीआर या सिरियल जोडणीतल्या नियंत्रणाच्या रेषेतून बोर्ड रिसेट होतो. बेरीज टिकवायची असेल तर ती अधूनमधून ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहून ठेवावी लागते.

‘प्रिंट तसेच ठेवले तरी चालतात’

उनोकडे रॅम फक्त २ केबी. अवतरणात लिहिलेला प्रत्येक मजकूर, एफ मॅक्रोत (मजकूर रॅमबाहेर, प्रोग्रॅमच्या मेमरीतच ठेवायच्या सोयीत) गुंडाळला नाही तर, त्या २ केबीत जाऊन बसतो. मजकूर वाढला की प्रोग्रॅम कधीही, कुठेही विचित्र वागायला लागतो. शून्य आणि एक या पिन यूएसबीच्या सिरियललाच जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे ब्लूटूथ मॉड्यूल लावलं तर तुमचे सगळे प्रिंट त्या मॉड्यूललाही जातात.

लिओनार्डो या अर्डुइनोच्या दुसऱ्या बोर्डवर आणखी एक अडचण आहे. उदाहरणांतून उचललेली ‘सिरियल तयार होईपर्यंत थांब’ ही ओळ सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) राहिली, तर टेबलावर मॉनिटर उघडताच सगळं सुरळीत चालतं आणि शेतात बॅटरीला जोडल्यावर बोर्ड कायमचा त्या ओळीवर थांबतो, कारण तिथे पोर्ट उघडणारं कोणी नसतं. त्यासाठी प्रिंट हुडकून खोडत बसायची गरज नाही. प्रोग्रॅमच्या वर एक डीबगचं डिफाइन (चालू-बंद करायची खूण) करा, ही थांबण्याची ओळ आणि सगळे प्रिंट त्या अटीत घ्या आणि शेतात नेण्याआधी ते डिफाइन बंद करून बोर्ड एकदा टेबलावरच, यूएसबी काढून, नुसत्या बॅटरीवर चालवून बघा.