दाताच्या पोस्टवरून झापलंत ते बरं केलंत, पण थोडं माझंही ऐका डॉक्टर

डॉक्टर, नमस्कार. तुमची कमेंट परवा रात्री वाचली, रागाच्या भरात लगेच उत्तर टाइप केलं, नवरा म्हणाला आधी झोप, म्हणून ते उडवलं आणि आज दुपारी कूलरसमोर बसून नीट लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. जानेवारीत मी एक पोस्ट टाकली होती, काढलेल्या दाताच्या जागी घरीच प्लास्टिकच्या दाण्यांचा तात्पुरता दात कसा केला आणि तो हळदीकुंकवाला भर बायकांत तिळाच्या वडीला चिकटून कसा बाहेर आला त्याची. त्यावर डॉक्टरांनी (स्वतः दातांचे डॉक्टर आहेत) लिहिलंय की ताई, दात म्हणजे पायपुसणं नाही घरी शिवायला, तो वडीबरोबर बाहेर न येता आत गेला असता तर काय केलं असतं, क्लिनिकमध्ये दोन दिवसांत तात्पुरता दात मिळतो, सोलापुरात डेंटिस्ट नाहीत का, पोस्ट उडवा, लोक वाचून फेविक्विक लावतील.

पायपुसण्याचं वाक्य झकास आहे, नवऱ्याने दोन दिवसांत चार वेळा वापरलं माझ्यावर. पण सोलापुरात डेंटिस्ट नाहीत का हे काय ओ? सात रस्त्यावरून आसरा चौकाकडे निघा, दाताच्या पाट्या मोजता मोजता थकाल. आणि मी डेंटिस्टकडे गेले नव्हते असं तुम्हाला का वाटलं? पोस्टच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलंय की दात डॉक्टरांनीच काढला.

झालं असं की डिसेंबरात संध्याकाळी भूक लागली म्हणून डब्यातली कडक भाकरी काढली आणि शेंगाचटणीबरोबर नुसतीच कडाकडा खायला बसले. कडक भाकरी आमटीत चुरून खायची असते हे माझ्यासारख्या सोलापूरच्या बाईला सांगावं लागणं म्हणजे कमाल आहे, पण कंटाळा. वरचा, सुळ्याच्या शेजारचा पटाशीचा दात, त्याला सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेलं आणि कॅप बसवायची ‘पुढच्या महिन्यात’ करत राहिलेली. रूट कॅनाल केलेला दात आतून कोरलेला असतो, कॅप नसेल तर कधीतरी दगा देतोच, माझं तर मूळच उभं चिरलं. डॉक्टर म्हणाले वाचवण्यासारखं काही नाही. २३ डिसेंबरला काढला. पहिला दोष कॅप न बसवणाऱ्या माझा, दुसरा भाकरीचा.

मग काय, खिंडार. जखम भरू दे म्हणून दोन आठवडे थांबायला सांगितलं, ९ जानेवारीला माप दिलं, आणि लॅबवाला म्हणाला गड्डा झाल्यावर बघू. तुम्ही सोलापूरचे नसाल तर हे कळायचं नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेला आम्ही गड्डा म्हणतो, संक्रांतीच्या आसपास अक्षता, नंदीध्वज, शोभेचं दारूकाम, त्या दिवसांत इथे कुणाकडून काम करून घ्यायचं म्हणजे विसराच. माझ्या घरचं हळदीकुंकू १८ तारखेला, चाळीस बायका, त्यातल्या अर्ध्या माझ्या जावेच्या भिशीतल्या. तुम्ही म्हणता दोन दिवसांत मिळतो. शिवाय दात काढायच्या आधीच माप घेऊन त्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो हे तर मला तुमच्या कमेंटमधूनच कळलं, मला कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. हे आधी माहीत असतं तर ही पोस्टच झाली नसती. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते, दात काढायच्या आधी खुर्चीत बसल्या बसल्या विचारा की काढल्यावर लगेच तात्पुरता दात देता का. दुखत असतं, तोंड उघडं असतं, तरी विचारा, हाताने खूण करून विचारा.

आता तुमचा गिळण्याचा मुद्दा. इथे मी साफ चुकलेय आणि जे पोस्टमध्ये लिहिलं नाही ते आज लिहितेय. वडी प्रकरणावर सगळे हसले, मीही हसले, पण त्याच रात्री बायका गेल्यावर भांडी आवरून इतकी दमले होते की दात काढायचा राहिला आणि तशीच झोपले. पहाटे जाग आली तेव्हा तो जिभेवर सुटा होता. पाठीवर झोपलेली मी, तोंड उघडं, आणि जिभेवर शेंगदाण्याएवढा गुळगुळीत तुकडा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही आत्ता हे वाचूनच कळेल. पोस्टमध्ये हसण्याचा भाग ठेवला आणि घाबरण्याचा गाळला, कारण विनोदी पोस्टला लाइक्स येतात. नंतर वाचलं की असा तुकडा श्वासनलिकेत गेला तर बहुधा उजव्या बाजूला उतरतो कारण ती नळी रुंद आणि जास्त सरळ असते, आणि साध्या प्लास्टिकचा असल्यामुळे एक्स-रेत दिसतही नाही. म्हणजे दवाखान्यात जाऊन ‘दात गिळला’ म्हटलं, फोटो काढला, फोटो स्वच्छ, आणि खोकला सुरूच. हे वाचल्यावर अंगावर काटा आला हो.

दुसरी चूक, ‘दोन-तीन महिने आरामात चालेल’ असं लिहून बसले होते. कशाच्या जोरावर लिहिलं देव जाणे, मी तो जेमतेम सहा दिवस वापरला, २४ तारखेला लॅबचा दात आलाच. ते वाक्य काढलंय. आता तिथे लिहिलंय की हा दात दिसण्यापुरता, कार्यक्रमापुरता, काही तासांपुरता, खाताना काढायचा, झोपताना काढायचा, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं, फिटचा त्रास असलेली माणसं यांच्यासाठी अजिबात नाही.

पण वस्तू काय आहे ते नीट सांगू दे, कारण तुम्ही तिला ‘कसलंतरी प्लास्टिक’ म्हणून मोकळे झालात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचं प्लास्टिक, साबुदाण्यासारखे पांढरे दाणे मिळतात ऑनलाइन, मुलांच्या क्राफ्टला, तुटलेल्या मुठी दुरुस्त करायला वापरतात. बाहेर देशात तात्पुरत्या दाताचे किट मिळतात त्यातही असलेच गरम पाण्यात मऊ होणारे दाणे असतात. साधारण ६० डिग्रीला मऊ होतात आणि गंमत म्हणजे मऊ झाले की काचेसारखे पारदर्शक होतात, गार झाले की परत दुधासारखे पांढरे, त्यामुळे तयार झाले की नाही ते डोळ्यांनीच कळतं. गरम पाण्यातून चमच्याने काढायचं, बोटात धरवेल एवढं कोमट होईपर्यंत मळायचं, घाई केली तर ओठ आणि हिरडी भाजणार हे नक्की कारण ६० डिग्रीचं पाणी काही सेकंदांत कातडी पोळतं. मग आरशासमोर खिंडारात बसवून शेजारच्या दोन दातांच्या मागून पातळ कड दाबायची. तो दाताला चिकटत नाही, दोन दातांच्या मधल्या खाचांत अडकून राहतो एवढंच. घट्ट व्हायच्या आत एकदा काढून परत बसवून बघायचा, नाहीतर खाचेत असा रुततो की काढायला तुमच्याचकडे यावं लागेल. रंगाचं म्हणाल तर माझ्या चहाने पिवळ्या पडलेल्या दातांत तो ट्यूबलाइटसारखा चमकत होता, जाऊबाईंनी लांबून ओळखलं.

चहावरून आठवलं. गरम चहा प्यायला की याची कड मऊ पडते, मला पहिल्याच दिवशी जिभेला लागलं. आणि धुवायचा तो गार पाण्यानेच, सासूबाईंनी मायेने कढत पाण्यात बुडवला असता तर वाटीत नुसता थेंब सापडला असता. उरलेले दाणे मी स्कूटीच्या डिकीत विसरले होते, गेल्या आठवड्यात उघडली तर पाकिटाचा एक लाडू झालेला. सोलापूरचा मे महिना, गाडी दिवसभर उन्हात, ६० डिग्री व्हायला गॅस कशाला पाहिजे.

लॅबमध्ये वापरतात ती पावडर आणि लिक्विड आणून घरी दात ओतायचा सल्ला कमेंटमध्ये एकाने दिला होता, तो मी काढून टाकलाय. ते घट्ट होताना तापतं, त्या लिक्विडने हिरडी भाजल्यासारखी होते, आणि एकदा दातांत ओतून घट्ट झालं की निघत नाही. एमसीलचंही तेच. यात तुमचं माझं एकमत आहे.

मतभेद कुठे आहे ते सांगते. तुम्ही म्हणता पोस्ट वाचून लोक फेविक्विक लावतील. अहो लोक पोस्ट न वाचताच लावतात! आमच्या मागच्या गल्लीत एक अक्का आहेत, पूर्व भागातल्या बऱ्याच बायकांसारख्या घरी विड्या वळतात, तेलुगू मिसळलेलं मराठी बोलतात, दिवसातून चार वेळा मिश्री. समोरचे वरचे दोन दात गेलेत. बोलताना पदर तोंडावर, हसताना पदर तोंडावर, मला तर बरीच वर्षं वाटायचं ही त्यांची लाजायची पद्धत आहे. हळदीकुंकवात माझा दात वडीला लटकलेला बघून सगळ्यात जास्त त्याच हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, मला पण करून दे की. आणि मुठीत काय, तर पडलेला एक दात, जपून ठेवलेला, आणि फेविक्विकची ट्यूब. मी नुसतं नाही म्हणून परत पाठवलं असतं तर संध्याकाळपर्यंत चिकटवला असता, ते ओल्या जागी लगेच पकडतं, तापतं, ओठ चिकटला तर कातडी सोलून निघते. तुमच्या क्लिनिकमध्ये जे येतात ते आधीच शहाणे झालेले असतात डॉक्टर, अक्का तुमच्याकडे येत नाहीत.

मी अक्कांचं तोंड उघडून बघितलं (हसा खुशाल) आणि दात करून द्यायला नकार दिला. कारण खिंडाराच्या दोन्ही बाजूंचे दात बोटाने हलत होते, आणि हा दात शेजाऱ्यांच्या जिवावर उभा राहतो, शेजारीच डळमळीत असतील तर तो त्यांनाही घेऊन पडायचा. हे माझ्या पोस्टमध्ये एका ओळीत होतं, आता पहिल्या ओळीत आहे.

मग म्हटलं अक्का, सिव्हिलला चला, दातांची ओपीडी असते. तर म्हणाल्या, दिवस जातो. हे मला तेव्हा नीट कळलं. मी समजत होते अडचण पैशाची असेल. विड्यांची मजुरी हजारी असते, हजार वळल्या की तेवढे पैसे, रांगेत बसलेल्या दिवसाचे शून्य, आणि दाताला एका दिवसात काही होत नाही, एक फेरी दाखवायला, एक काढायला, एक टाके बघायला, मग मापाला, मग ट्रायलला, पाच फेऱ्या म्हणजे पाच दिवसांच्या विड्या. ‘डेंटिस्टकडे जा’ हे तुम्हाला दोन शब्दांत लिहिता येतं. शेवटी मार्चमध्ये घेऊन गेले, पानाची टोपली आणि कात्री बरोबर घेऊनच निघाल्या होत्या रांगेत बसून वळायला, मी घरीच ठेवायला लावली. डळमळणारे दोन्ही काढले. म्हणजे आता समोर चार दातांचं बोळकं, आणि पदर आणखी वर.

म्हणून पोस्ट उडवत नाहीये. बदललीये. वडीचा किस्सा ठेवलाय पण त्याच्या खाली पहाटेचा किस्सा पण टाकलाय. फोटोंमधला दात घालून शेंगा खातानाचा फोटो काढून टाकलाय, तो खरंच मूर्खपणाचा होता.

माझं म्हणाल तर सध्या लॅबचा काढता-घालता दात आहे, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला दात) करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, त्यातला एक सुळा, तो घासायला मन होत नाही. इम्प्लांट म्हटलं तर स्क्रू हाडात मुरायला तीन ते सहा महिने. आणि थांबूनही चालत नाही म्हणे, दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, शेजारचे दात खिंडारात कलायला लागतात, समोरचा खालचा दात वर सरकायला बघतो. म्हणजे माझा ‘पुढच्या महिन्यात’वाला स्वभाव इथेही नडणार. दिवाळीच्या आत ठरवते.

आता आलाच आहात तर फुकटात एक विचारते. अक्कांचे दात काढून दोन महिने झाले, हिरडी भरलीये, मापाला बोलावलंय बुधवारी. त्या दिवसभर मान खाली घालून विड्या वळतात आणि मिश्री काही सुटलेली नाही, चार वेळाची दोन वेळा झालीये फक्त. एवढ्या मिश्रीत बाकीच्या हलणाऱ्या दातांना तार अडकवून कवळी द्यावी, का तेही दात जाणारच आहेत असं धरून कवळी करताना पुढे दात वाढवता येतील अशी करून घ्यावी? पाच फेऱ्या परत व्हायला नकोत म्हणून विचारतेय. उत्तर इथेच लिहा, सोप्या मराठीत, मंगळवारी रात्री त्यांना वाचून दाखवायचंय.