'पंचवीस शेक झाले, आता आतला कशाला?'

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वाढला असेल तर आधी पिशवी काढा. ते जमत नसेल तर बाहेरचे पंचवीस शेक (रेडिएशन) पुरेत, नव्या मशीनवर आतला शेक (गाठीजवळ नळी ठेवून आतून दिलेलं रेडिएशन) लागतच नाही. आणि शेक चालू असेपर्यंत बाईजवळ लेकरं जाऊ देऊ नका. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, मधला तर जिवावर बेतणारा.

आधी पिशवीचं. गाठ पिशवीच्या बाजूच्या भागात शिरली असेल तर ऑपरेशनमध्ये ती पूर्ण निघेल याची खात्री नसते. मग शेक द्यावाच लागतो, आणि आतल्या शेकाची नळी ठेवायला पिशवीच उरलेली नसते. टाटा मेमोरियलने ६३५ बायकांवर तुलना केली होती, स्टेज १बी२ ते २बी (गाठ मोठी किंवा तोंडाबाहेर थोडी पसरलेली, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत न पोचलेली). केमो देऊन ऑपरेशन केलेल्यांपैकी ५ वर्षांनी ६९.३ टक्के रोगमुक्त होत्या, केमो-रेडिएशनवाल्या ७६.७ टक्के. जगण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता, हेही सांगायला हवं.

आता मधला सल्ला. बाहेरच्या २५ शेकांत साधारण ४५ ते ५० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस जातो. गाठ मारायला एकूण ८५ ग्रेच्या आसपास लागतो. उरलेला बाहेरूनच रेटला तर आतडी, मूत्राशय आणि गुदाशय भाजतात. शिवाय लघवी किती साठली आहे त्यावर पिशवी पुढेमागे सरकते, मग मशीन कितीही महागडं असो, नेम चुकतो. आतल्या शेकात पाठीत भूल देऊन पिशवीत एक नळी आणि तिच्या दोन बाजूंना, योनीत पिशवीच्या तोंडाशी, दोन ओव्हॉइड (सोर्स ठेवायच्या अंडाकृती डब्या) बसवतात. मूत्राशय आणि गुदाशय लांब राहावेत म्हणून योनीत गॉज घट्ट भरतात (पॅकिंग सैल राहिलं की पुढे संडासवाटे रक्त जाण्याचा धोका वाढतो). नळीतून तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियमचा सोर्स (किरण सोडणारा तुकडा) जातो. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाईवर येतो, म्हणून गाठीला भरपूर मिळूनही शेजारचे अवयव वाचतात. ७ ग्रेचे चार शेक ही नेहमीची एक पद्धत. अमेरिकेत १९८८ मध्ये ८३ टक्के रुग्णांना आतला शेक मिळत होता, २००९ मध्ये ५८ टक्क्यांनाच. ४ वर्षांनी तो मिळालेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ४६.

मेसेजमध्ये वेळेचा उल्लेखच नाही. पहिल्या शेकापासून शेवटच्या आतल्या शेकापर्यंत ५६ दिवसांच्या आत सगळं उरकायचं असतं. सणासुदीला 'दोन आठवडे गावी जाऊन येते' म्हटलं की वाचलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असतं. गाठीने किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी दाबली असेल तर आधी स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) उतरल्यावर औषध.

लेकरांचं म्हणाल तर बाहेरच्या शेकानंतर अंगात काहीच उरत नाही. आतल्या शेकाचा सोर्स काही मिनिटांत मशीनच्या तिजोरीत परत जातो. नळ्या निघाल्या की नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.