जकात दिल्लीने नेली नाही

सोलापुरात सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय : ‘एक देश, एक बाजार झाला आणि सोलापूरचा सगळा कर दिल्लीला गेला. महापालिकेला काही उरलं नाही. जकात परत आणा.’ (जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका घ्यायची तो कर.) या मेसेजमागची तळमळ मला पटते, मांडणी पटत नाही.

सगळा कर दिल्लीला? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल नवी पेठेत विकला, तर पाच टक्के जीएसटीतले अडीच केंद्राला, अडीच महाराष्ट्राला जातात. तोच चेन्नईत विकला तर राज्याचा वाटा तमिळनाडूला. जिथे माल खपतो तिथे कर, हा जीएसटीचा नियमच आहे. माल बाहेर पाठवणाऱ्या आपल्या गावाला तो टोचतो, हे मान्य.

महापालिकेला काही नाही, हे तर साफ चूक. २०१७च्या राज्याच्या कायद्याने महापालिकांना बंद झालेल्या स्थानिक करांची भरपाई मिळते. २०१६-१७चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, म्हणजे नऊ वर्षांत जवळपास दुप्पट. पण ही रक्कम आपण ठरवत नाही, मंत्रालयाकडून येते. खरं दुखणं हेच आहे : पैसा येतो, दर ठरवायचा हक्क गेला.

आता जकात. जीएसटी आला १ जुलै २०१७ला. सोलापुरातली जकात त्याच्या कितीतरी आधी गेली होती. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करसुद्धा १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला माफ झाला, म्हणजे जवळपास सगळ्याच व्यापाऱ्यांना. तो निर्णय मुंबईतल्या राज्य सरकारचा होता. आणि आज जकात परत आणायची म्हटली तरी राज्याला तो अधिकारच नाही. १०१व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली, म्हणजे राज्यांच्या अधिकारातल्या विषयांच्या यादीतली, ५२वी नोंद वगळली, जकात त्याच नोंदीवर उभी होती.

मग बाजार एक झाला की सत्ता वरच जाणार का? मुळीच नाही. घरपट्टी आजही महापालिकेची आहे. व्यवसाय कराचं बघा. पगारातून वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये कापले जातात, ते आपल्याकडे राज्य घेतं. केरळ आणि तमिळनाडूत हाच कर स्थानिक संस्था वसूल करतात. तेही याच बाजारात आहेत, तिथेही हाच जीएसटी आहे. राज्यघटनेचं कलम २७६ महापालिकेसाठी असा कर लावायला मोकळीक देतं. महाराष्ट्राने १९७५चा आपला कायदा बदलला की झालं, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. मागायचंच असेल तर आपल्या आमदारांकडे हे मागा.