नवख्याच्या हातातला पहिला चाकू

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी घडलेली गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. चाकू, सुऱ्या आणि जुनी पाती जमवणारे आम्ही दहा-बारा जण पुण्यात अधूनमधून कोणाच्या तरी घरी एकत्र येतो, आपापल्या वस्तू सतरंजीवर मांडतो, त्या हाताळतो आणि त्यांच्याविषयी बोलत बसतो. त्या दिवशी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा एक मुलगा प्रथमच आला होता. त्याने पाठीवरच्या सॅकमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चाकू काढला, दोन्ही हातांवर धरून पुढे केला आणि म्हणाला, "काका, हा दमास्कसचा आहे. २,२०० रुपयांना मिळाला." पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेल्या पोलादाला हे नाव आहे.

आमच्यापैकी एक जण हसला. दुसरा म्हणाला, "एवढ्यात दमास्कस मिळत असतं, तर आम्ही वीस वर्षं काय करत होतो?" त्यावर जवळजवळ सगळेच हसले. कोणीही तो चाकू हातात घेतला नाही. मुलगाही कसनुसा हसला, त्याने चाकू पुन्हा कागदात गुंडाळला, आणि पाऊण तासाने क्लास आहे असे सांगून तो निघून गेला. मी हसलो नव्हतो. पण मी काही बोललोही नाही, आणि त्या गप्प बसण्याचा सल मला आजही आहे. त्यानंतरच्या बैठकीला तो आला नाही.

माझे म्हणणे असे आहे की, या छंदात ज्याची काही वर्षे गेली आहेत, त्याने नवख्या माणसाला वेळ देणे हा त्याच्या मनाच्या मोठेपणाचा भाग नसून छंदाच्याच कामाचा भाग आहे. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला कोणी काही शिकवले नाही, तर फार तर एखादे तिकीट खराब होईल. आमच्याकडे शिकवायचे राहून गेले तर बोट कापले जाते, शंभर वर्षांचे पाते सँडपेपरखाली कायमचे जाते, किंवा एखादे पोर अजाणता पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहते.

आधी त्या दमास्कसविषयीच बोलतो, कारण आम्ही ज्या गोष्टीवर हसलो ती मुळात हसण्यासारखी नाही. 'दमास्कस' या एका नावाखाली दोन निरनिराळी पोलादे विकली जातात. त्यांपैकी जुने पोलाद आपल्याच दक्षिणेतले, ज्याला इंग्रजांनी 'वूट्झ' म्हटले. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम् हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. लोखंड आणि कार्बन देणारे पदार्थ मातीच्या बंद मुशीत वितळवून हे पोलाद करत. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे दीड टक्का असे, आणि ते बेताच्या तापमानाला घडवले की पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आपोआप उमटे. आज बाजारात मिळणारे दमास्कस बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचे असते. त्यात दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून सांधलेले असतात, आणि आम्लात बुडवल्यावर निकेल असलेला थर उजळ राहतो व दुसरा काळवंडतो, म्हणून पट्टे दिसतात. अमेरिकी लोहार बिल मोरन यांनी १९७३ साली या पद्धतीचे चाकू प्रदर्शनात मांडले, आणि त्यानंतर ती पद्धत जगभरच्या कारागिरांत नव्याने पसरली.

आता तो मुलगा या दोहोंत गोंधळला असेल, तर त्यात त्याचा दोष किती? वूट्झची नक्षी कशामुळे येते याचा शोध घेताना खुद्द शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे चुकला होता. लोहाराच्या या मुलाने १८१९ च्या सुमारास वूट्झचे पृथक्करण केले आणि सिलिका व ॲल्युमिना यांच्या अल्प अंशामुळे ते गुण येतात असा निष्कर्ष काढला, जो पुढे चुकीचा ठरला. पण त्या चुकीवर तो थांबला नाही. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने पोलादाच्या मिश्रणांवर पुढची काही वर्षे प्रयोग केले. फॅरेडेला प्रयोगशाळा मिळाली आणि बरोबर काम करणारा कारागीर मिळाला. आमच्याकडे आलेल्या त्या मुलाला सतरंजीभोवती बसलेले दहा हसरे चेहरे मिळाले.

शिवाय आमच्या हसण्याला आधार काय होता? २,२०० रुपयांत थर सांधलेले पाते मिळूच शकत नाही असे मुळीच नाही. पाकिस्तानातील वझिराबादसारख्या गावांत असे काम मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात होते. त्यात वापरलेले पोलाद नेमके कोणते आणि त्याला पाणी नीट दिले आहे की नाही (म्हणजे तापवून, बुडवून ते नीट कडक केले आहे की नाही), ही खरी शंका असते. दुसरीकडे साध्या पात्यावर वरवर नक्षी कोरून किंवा छापून दमास्कस म्हणून विकणारेही पुष्कळ आहेत. या दोहोंतला फरक किमतीवरून कळत नाही, करून पाहिल्यावर कळतो, आणि आम्ही तर चाकू हातातही घेतला नव्हता.

माझी स्वतःची सुरुवात याहून वाईट होती. आजोबांच्या पेटीत मला इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातला एक घडीचा चाकू सापडला, सांबरशिंगाच्या मुठीचा, पाते राखाडी-काळे पडलेले. मी पॉलिशपेपर आणून दोन दिवस खपून ते पाते आरशासारखे चकचकीत केले आणि मोठ्या अभिमानाने एका जाणकाराला दाखवायला नेले. त्यांनी तो पाहून एवढेच म्हटले, "याची किंमत तुम्ही संपवलीत," आणि चाकू परत दिला. मी जिना उतरून आलो तेव्हा पुन्हा या वाटेला जायचे नाही असेच ठरवले होते.

त्यानंतर वर्षभराने मला दुसरे एक वयस्कर गृहस्थ भेटले, ते आता हयात नाहीत. त्यांनी तोच चाकू खिडकीपाशी नेला, भिंग माझ्या हातात दिले आणि पात्याच्या मुळाशी काय दिसते ते मलाच वाचायला लावले. 'शेफील्ड'च्या जोडीला 'इंग्लंड' असा शब्द होता. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, त्यामुळे असा शब्द असलेला चाकू बहुधा १८९१ नंतरचा, हे त्यांनी मला सांगितले. मग त्यांनी गंज आणि पोलादावर सावकाश चढणारा काळसर थर यांतला फरक समजावला. तांबूस, खरखरीत, पाते खात जाणारा तो गंज. तो काढावाच लागतो. राखाडी, निळसर, गुळगुळीत असतो त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. तो पोलादाला थोडेफार सांभाळतो आणि त्या वस्तूचे वयही सांगतो. तो मी काढून टाकला होता. "आता गेला तो गेला," ते म्हणाले, "पण मूठ अजून जुनीच आहे, तिला हात लावू नका. पात्याला खनिज तेलाचं बोट फिरवत जा, खाण्याच्या तेलाचं नको, ते चिकट होतं. आणि रोज एक फळ कापा याने." तो चाकू आजही माझ्याकडे आहे, आणि पाते पुन्हा राखाडी झाले आहे.

या दोघांपैकी पहिले गृहस्थ जास्त जाणते होते असे मला आजही वाटते. पण मी आज जे काही जाणतो, ते दुसऱ्यांमुळे.

नवख्यांना तोडणारी आणखी एक सवय म्हणजे त्यांच्या पहिल्या वस्तूवर नाक मुरडणे. बहुतेकांची सुरुवात स्विस चाकूने होते, आणि आमच्यातले काही जण 'हा काही संग्रह नव्हे' असे तोंडावर सांगतात. पण या चाकूलाही इतिहास आहे. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १२ जून १८९७ रोजी अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. कारखान्याच्या 'व्हिक्टोरिनॉक्स' या नावात त्यांच्या आईचे व्हिक्टोरिया हे नाव आणि न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' हा फ्रेंच शब्द आहे. पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्यांच्या बारीक फरकांवरून या चाकूंचा काळ ठरवणारे अभ्यासक जगभर आहेत. तीच गोष्ट फ्रान्सच्या साव्वा प्रांतातील ओपिनेलची. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये आकार दिलेला लाकडी मुठीचा तो चाकू, ज्याला पाते जागीच धरून ठेवणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले, आजही साधा आणि परवडणारा आहे. नवखा माणूस त्याचे कार्बन पोलादाचे पाते घेतो, लिंबू कापतो, ते काळे पडते, आणि आपल्याला खराब माल मिळाला असे समजून तो घाबऱ्याघाबऱ्या विचारतो. हा प्रश्न मला आजवर कितीतरी वेळा आला आहे. दर वेळी विचारणारा मात्र पहिल्यांदाच विचारत असतो.

मागे एका बाईंनी आजीची विळी आणली होती, पितळी फुलीच्या खिळ्यांची, पाट शिसवीचा. "हे चाकूत बसते का?" असे त्यांनी विचारले. बसते की नाही यावर आमच्यात वादच झाला, आणि त्या वादात त्यांची विळी नीट पाहायची राहून गेली. मला विचाराल तर मराठी घरातून या छंदात शिरण्याचा सर्वांत सरळ दरवाजा विळी, अडकित्ता आणि कोयती हाच आहे. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून यावेत. दिनकर केळकरांनी घराघरांतून, जुन्या बाजारांतून या रोजच्या वस्तू जमवल्या नसत्या, तर त्यांतल्या कित्येक मोडीत गेल्या असत्या. कोकणात कमरेला कोयती लावून माडावर चढणाऱ्या माणसाला पात्याचा तोल आणि पोलादाला दिलेले पाणी यांविषयी जे कळते, ते आमच्यातल्या अनेकांना कळत नाही. त्याला कोणी संग्राहक म्हणणार नाही, पण तो आमच्या सतरंजीवर आला तर त्याला मधोमध बसवले पाहिजे.

कायद्याचा प्रश्न नवखा माणूस सहसा दबक्या आवाजात विचारतो, आणि त्याला 'काही होत नाही रे' असे उत्तर मिळते. हे उत्तर मला बेजबाबदार वाटते. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार तलवारी, खंजीर, संगिनी, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे एका वेगळ्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. जिथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे, तिथे त्या वर्गातील वस्तूंना परवाना लागतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे चित्रण पसरवणाऱ्यांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल झालेले आपण वाचतोच. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा लागू होतो, म्हणून परदेशी राहणाऱ्या भाच्याने आजोळची कट्यार आठवण म्हणून सामानात टाकून नेणे हा अपराध ठरू शकतो. हस्तिदंती किंवा शिंगाची मूठ असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा विचार खरेदीच्या आधी करावा लागतो. हे सगळे पहिल्याच भेटीत, न घाबरवता, बसवून सांगायला अर्धा तास लागतो.

सर्वांनाच असा वेळ द्यावा असे माझे म्हणणे नाही. ज्याला चाकू कोणाला तरी दाखवून दरारा बसवायचा आहे, त्याच्याशी मी पहिल्या पाच मिनिटांत बोलणे थांबवतो, आणि त्याला कुठे काय मिळते हे कधीही सांगत नाही. पण अशी माणसे या अनेक वर्षांत मला दोन-तीनच भेटली. बाकीचे सगळे आजोबांच्या पेटीत काहीतरी सापडलेले, हातांनी काही घडवावेसे वाटणारे, किंवा पोलादावरची नक्षी पाहून थबकलेले लोक होते.

आमच्या गटात आज पन्नाशीच्या खालचे दोघेच आहेत. वर ज्या दुसऱ्या गृहस्थांविषयी लिहिले त्यांच्या निधनानंतर त्यांच्या घरच्यांनी सगळा संग्रह भंगारवाल्याला वजनावर दिला, आणि आम्हाला ते तीन आठवड्यांनी कळले. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यातले काय आहे ते त्यांना सांगणारा, त्या घरात येणे-जाणे असलेला एकही तरुण माणूस आम्ही तयार केला नव्हता.

तो मुलगा हे वाचत असेल, किंवा त्याला ओळखणारे कोणी वाचत असेल, तर एवढा निरोप पोहोचवावा. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही माझ्या घरी जमतो आहोत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी फेरिक क्लोराइड आणून ठेवले आहे, सर्किटचे बोर्ड खोदायला वापरतात तेच, तू कॉलेजात पाहिले असशील. हातमोजेही आहेत. तुझी परवानगी असेल तर मुठीलगतचा नखाएवढा भाग बारीक कागदाने घासून आपण नक्षी पुसू, मग तो भाग या द्रावणात भिजवू. थर खरे असतील तर नक्षी आपल्यासमोर पुन्हा उमटेल, आणि नुसती वरून छापलेली असेल तर उमटणार नाही. काय होईल ते मलाही माहीत नाही. त्या दिवशी आधी हसलेला आणि टोमणा मारणारा, दोघेही येणार आहेत. मी त्यांच्याशी बोललो आहे.