झळ बसली नाही कशी?

लेखात म्हटलंय की कोरोना महामारीत मैदानी खेळ ठप्प झाले, पण ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, झळ बसली नाही. पटलं नाही. डोटा २ या गेमची 'द इंटरनॅशनल' ही जागतिक स्पर्धा २०२० मध्ये झालीच नाही. ती ऑक्टोबर २०२१ मध्ये बुखारेस्टला, प्रेक्षकांविना खेळवावी लागली. काउंटर-स्ट्राइक या गेमची २०२० ची रिओची मेजर, म्हणजे मोठी स्पर्धा, तर रद्दच. घरून खेळायचं म्हटलं की सर्व्हरचं अंतर आडवं येतं, पिंग, म्हणजे सर्व्हरकडून प्रतिसाद यायला लागणारा वेळ, वाढतो. म्हणून युरोप आणि अमेरिकेचे संघ बराच काळ आपापल्या खंडातच खेळत राहिले. मग जगात अव्वल कोण, हे ठरवायचं कसं? लीग ऑफ लेजंड्स या गेमवाल्यांनी शांघायला विलगीकरण वगैरे करून जागतिक स्पर्धा घेतली खरी, पण तिथेही व्हिएतनामचे संघ पोचू शकले नाहीत.

आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात? २०२० च्या पावसाळ्यात पोरं ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढत होती. वाळपईचा माझा भाचा रात्री पबजीच्या स्पर्धा खेळायचा, तर नेमकी शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे खेळ निकालाला आला की, वीज जायची. सप्टेंबरात सरकारने पबजीवरच बंदी घातली. त्याची आई तेवढी खूश झाली.